साडेचारचा फोन

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मी क्वालिटीला आहे. आमची पंपाची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, जर्मनीतला एक कारखाना घेतो. तिथं मशिनिंग करताना आत भोकं निघाली की माल रिजेक्ट, आणि त्याचे फोटो आमच्यापर्यंत पोचेस्तोवर इकडं पुढचा लॉट ओतून झालेला असायचा. म्हणून ठरलं, आपलं एक माणूस नऊ महिने तिकडंच बसवायचं. जुलै ते मार्च. नाव माझं निघालं.

पोरगा तेव्हा दुसरीत होता. घरात आठ दिवस कुणी त्यावर नीट बोललंच नाही. शेवटी सासूबाईंनी विषय संपवला, "जा तू. पोराचं मी बघतो." (आमच्याकडं बायकाही 'बघतो'च म्हणतात.)

कागदपत्रांचं फार सांगत नाही. व्हिसासाठी पुण्याला दोन हेलपाटे झाले. एक गोष्ट मात्र जाणाऱ्या प्रत्येकानं विचारून घ्यावी. पगार भारतातूनच चालू राहणार असेल, तर पीएफ कार्यालयाकडून 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' काढायचं. दोन्ही देशांत तसा करार आहे, त्यामुळं तिकडं पेन्शनसाठी पुन्हा वेगळी कपात होत नाही. आणि बॅगेत तूप, पेढे भरू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आपल्याकडून युरोपात नेता येत नाहीत. माझा तुपाचा डबा भावाच्या गाडीतून परत घरी गेला. कांदा-लसूण चटणी तेवढी गेली, दोन किलो, तीन पिशव्यांत बांधून.

स्टुटगार्टजवळच्या एका गावात खोली मिळाली. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाची सही लागते, ती आणायला वेळ गेला, पण झालं. मग बँकेचं कार्ड पोस्टानं येणार होतं. तीन आठवडे वाट बघितली. बँकेत गेले तर बाई म्हणाल्या, पत्र परत आलंय, त्या पत्त्यावर या नावाचं कुणी नाही.

वरच्या मजल्यावर एक वयस्कर बाई राहायच्या. त्या मला हाताला धरून खाली घेऊन गेल्या. दाराशी आठ लेटरबॉक्स, प्रत्येकावर आडनावाची पट्टी. माझ्यावर काहीच नाही. तिकडं पोस्टमन खोलीचा नंबर बघत नाही, कारण पत्त्यात तो नसतोच. डब्यावरचं नाव जुळलं तरच पत्र आत पडतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण डबा कोरा आहे हे मी रोज येता-जाता बघत होते. नऊ महिन्यांसाठी कशाला, असं वाटायचं. बॅगही तशीच अर्धी भरलेली पलंगाखाली. एक ताट, एक पातेलं. त्या बाईंनी घरातून कागद आणला, माझ्याकडून आडनाव लिहून घेतलं आणि चिकटपट्टीनं लावलं.

त्या कागदापाशी उभी असताना मला कळलं की मी अजून कोल्हापूरच्याच घड्याळावर जगतेय. उन्हाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचा फरक. मी साडेचारला खोलीवर पोचायचे तेव्हा घरी आठ वाजलेले. पोराचा अभ्यास, जेवण, गोष्ट, सगळं फोनवर. तो झोपला की सासूबाई, "काय गं, जेवलीस काय?" मग अहोंशी बोलणं. बाहेर रात्री नऊपर्यंत ऊन, माणसं पोरं घेऊन फिरताहेत, आणि मी पडदा ओढून फोनसमोर. नवरात्रात अंबाबाईची पालखी त्र्यंबोली देवीच्या भेटीला निघाली तीही तशीच बघितली आणि नंतर तासभर रडले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास मागं घेतात. फरक साडेचार तासांचा झाला. सोमवारी मी खोलीवर येऊन फोन लावला, तर घरी नऊ वाजलेले आणि पोरगा झोपलेला. मंगळवारी तेच. बुधवारी अहोंनीच सुचवलं, "तुझ्या जेवणाच्या सुट्टीत कर ना. इथं साडेचार असतात, तो नुकताच शाळेतून आलेला असतो."

वीस मिनिटांचा फोन. पण त्या वीस मिनिटांत तो जे बोलायचा ते आधी दीड तासातही बोलत नव्हता, कारण शाळेतली भांडणं अजून ताजी असायची.

नोव्हेंबरमध्ये किरणोत्सव आला, मावळतीची किरणं थेट अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात तो. त्या दिवशी सुपरवायझरला सांगून मी जेवण एक वाजता घेतलं. घरी स्थानिक चॅनेल लावलं होतं आणि पोरानं फोन टीव्हीसमोर धरला होता. त्याचा हात हलायचा, चित्र हलायचं. किरणं गाभाऱ्यात आली, चरणांवर, मग हळूहळू वर. सासूबाईंचा आवाज मागून, "कमरेपर्यंत आली, कमरेपर्यंत." ढग, धूळ, वाटेतली बांधकामं, कशानं ना कशानं कधी कधी तिथंच थांबतात, पण त्या दिवशी आणखी वर गेली. कॅन्टीनमध्ये शेजारी बसलेल्यानं विचारलं काय बघतेस. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, आमच्या गावात सूर्य देवीच्या पाया पडायला येतो.

तेवढं जर्मन आलं होतं, कारण संध्याकाळी मोकळ्या झाल्या होत्या. व्होल्क्सहोखशूले म्हणून मोठ्यांसाठी शाळा असते, तिथं आठवड्यातून दोनदा जायला लागले. त्याचा सगळ्यात मोठा फायदा कामात झाला. शॉपवरची, म्हणजे मशिनवर काम करणारी, माणसं कास्टिंगमधल्या कुठल्याही भोकाला 'लुंकर' म्हणायची. लुंकर म्हणजे श्रिंकेज, धातू थंड होताना आकसून पडलेलं भोक, आणि तसंच ते आम्हाला मेलवर येत होतं. आम्ही इकडं रायझर, म्हणजे आकसणाऱ्या धातूला भर पुरवणारे साच्यातले कप्पे, मोठे करत बसलो होतो. मी कापलेला तुकडा हातात घेऊन आतून बोट फिरवलं तर भोक गुळगुळीत, गोल. श्रिंकेज खरखरीत असतं. हा गॅस होता, साच्याच्या वाळूतल्या ओलाव्याचा. हे मी त्या माणसाला त्याच्या मशिनपाशी, त्याच्या भाषेत, त्याचं बोट त्या भोकात घालून समजावू शकले. फाउंड्रीत फोन करून वाळूचं मॉइश्चर बघायला सांगितलं. जानेवारीच्या लॉटमध्ये रिजेक्शन उतरलं.

पातेली तीन झाली. पोळपाट मिळाला नाही, लाकडी फळीवर चपात्या लाटल्या. वरच्या बाईंना चटणी दिली; त्या ती ब्रेडवर लोण्याबरोबर लावून खायच्या.

मार्चमध्ये निघताना लेटरबॉक्सवरची पट्टी काढली. कागद निघाला, डिंकाचा चौकोन राहिला. वरच्या बाई ओल्या फडक्यानं तो पुसायला लागल्या, मग म्हणाल्या राहू दे.

आता मी परत शिरोलीत. साडेचार वाजता शॉपवर फोन वाजतो. घर पाऊण तासावर आहे, संध्याकाळी भेटणारच असतो. तरी पोरगा शाळेतून आल्या आल्या फोन लावतो, आणि मी मोल्डिंगच्या आवाजातून बाजूला जाऊन तो घेते.