तुम्ही विचारलंत म्हणून: यातून मला मिळतं काय?

नाहीतर यावर बोलणं मी सोडलंच होतं. जुना फोन रात्री चार्जिंगला लावून त्यावर बॉइंक (पडून असलेल्या फोनची, कॉम्प्युटरची ताकद शास्त्रज्ञांच्या गणितांना देणारं मोफत ॲप) चालवतो, तर त्याचे पैसे किती येतात हा एकच प्रश्न सगळ्यांचा. एक रुपयाही येत नाही. क्रेडिट नावाचा आकडा वाढतो, त्याचा चहासुद्धा येत नाही.

माझ्या फोनवर आइन्स्टाइन ॲट होम नावाच्या आकाश-संशोधनाच्या प्रोजेक्टचं काम येतं. रेडिओ दुर्बिणीच्या डेटाचा एक तुकडा येतो, त्यात पल्सारची (म्हणजे गरगर फिरणाऱ्या मेलेल्या ताऱ्याची) ठराविक धडधड आहे का ते फोन रात्रभर तपासतो, तोच तुकडा दुसऱ्या कुणाकडं पण गेलेला असतो आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच धरतात. २०१० मध्ये आयोवातलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक माणूस, यांच्या कॉम्प्युटरवर असाच एक पल्सार सापडला. हाच प्रोजेक्ट लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेच्या डेटात गुरुत्वीय लहरी (अवकाशातून येणारी सूक्ष्म थरथर) पण शोधतो (ते काम फोनवर येत नाही), आणि तिचीच भारतातली जोडीदार लायगो इंडिया होणार कुठं, तर आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याला. मला हे आपलं वाटतं ते त्यामुळं.

आता जे लागलं ते सांगतो. माझं बघून चुलतभावानं विचारलं, मी सगळं नीट सांगितलं. पुढं त्यानं "फोन चालू ठेवा, रोज कमवा"वालं कुठलंतरी ॲप घेतलं, त्यात आधी पैसे भरायचे होते, ह्यानं सोयाबीनचे आलेले भरले आणि ॲप बंद पडलं. दिवाळीत ओसरीवर सगळे बसलेले असताना काका म्हणाले, "ह्याच्या नादानं गेले माझे पैसे." मी म्हणलं काका, माझ्यात भरायचे पण नसतात न मिळायचे पण नसतात. तर म्हणे, "मिळत नाही तर रात्रभर लाईट कशाला जाळायलास? काहीतरी लपवायलास तू." चुलतभावाला दोन्हीतला फरक पक्का माहीत होता. तो मान खाली घालून फराळाची ताटली बघत बसला, एक शब्द बोलला नाही. काकांपेक्षा ते जास्त लागलं. हेच काका पालखी आली की स्वतःच्या खर्चानं चहा वाटतात, तिथं त्यांना कुणी विचारत नाही काय मिळतं म्हणून.

पण फुकट आहे असं मी आता म्हणत नाही. पूर्वी म्हणायचो, पडून असलेला फोन, जातंय काय. जातं ना, गरम होऊन बॅटरी झिजते. म्हणून तर बॉइंक मुळातच बॅटरी ९० टक्क्यांवर असली तरच चालतं आणि ती ४० डिग्रीच्या वर तापली की थांबतं, आणि मे महिन्यात आपल्याकडं दिवसा खोलीच चाळिशीला टेकते. कव्हर काढून शहाबादी फरशीवर पालथा ठेवतो, पहाटे जरा काम उरकतं, त्यात लाईट गेली की तेही गेलं. एखादं चांगलं ग्राफिक्स कार्ड ह्याच्या कितीतरी पट काम करतं हेही खरं. मग माझ्या तुकड्यानं काय अडतं? याचं पक्कं उत्तर मला अजून देता येत नाही, पण फोन काढून ठेववत पण नाही.

एक करा, पैसे भरा म्हणणारं ॲप म्हणजे हे नव्हे, एवढं तरी घरी सांगा. काकांना मी सांगून थकलो, त्यांच्या पोरानं सांगितलं तर ऐकतील.