चौकटीभोवतीची टाइल

आज बाथरूमच्या दाराभोवती टाइल लावताना सगळा वेळ खाल्ला तो वरच्या कोपऱ्यांनी. तिथे दोन तुकडे जोडू नयेत, अख्ख्या टाइलमध्येच एल आकाराची खाच कापावी. आतल्या कोनात आधी ६ मिमीचं भोक पाडायचं आणि ग्राइंडरचा काप तिथेच थांबवायचा, नाहीतर त्या कोनातून तडा जातो. कधी कापतानाच, कधी महिन्याभराने.

त्याआधी चौकट ओळंब्यात, म्हणजे अगदी उभी सरळ, आहे का ते बघा. नसेल तर टाइल सरळ लावूनही फट खाली ३ आणि वर ८ मिमी दिसते, आणि दोष टाइलवाल्यावर! कोरडी मांडणीही, म्हणजे मसाला न लावता टाइल नुसत्या मांडून, करून घ्या. चौकटीशी ५ सेंमीपेक्षा अरुंद पट्टी येत असेल तर सुरुवातच सरकवा.

टाइल लाकडाला भिडवू नका. ३ मिमी फट ठेवा आणि तिथे ग्राउट (टाइलच्या सांध्यांत भरतात ती सिमेंटची लुकण) नको, रबरासारखं लवचिक राहणारं सिलिकॉन भरा. लाकूड ओलाव्याने फुगतं, दार आपटलं की चौकट हादरते. कडक ग्राउट तिथे सुटतंच. बाकीचं ग्राउट पूर्ण वाळल्यावर दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून सिलिकॉन भरायचं, ओल्या बोटाने एकदाच ओढायचं. टेप मात्र लगेच काढा, साय धरल्यावर काढली तर कड फाटते.