उ उखळाचा, उ उषाचा : ‘कशिश’ला दोनदा जाऊन आलेल्या आईचा वृत्तांत

मी कराडची. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवलं आणि मे 2019 ला निवृत्त झाले. शाळा उघडण्याची गडबड नसलेला तो पहिला जून. त्याच जूनमध्ये माझा धाकटा म्हणाला, “आई, मुंबईला येतेस? ‘कशिश’ आहे.”

त्याने आम्हाला 2016 च्या दिवाळीत सांगितलं होतं की तो समलिंगी आहे. तीन वर्षं घरात हा विषय निघाला की ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि मी स्वयंपाकघरात जायचं, असं चाललं होतं. मधल्या काळात 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाचा 377 कलमावरचा निकाल आला. या कलमाने समलिंगी संबंध गुन्हा ठरत होते, ते आता गुन्हा राहिले नाहीत. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी आपल्या निकालपत्रात लिहिलं होतं की इतिहासाने या लोकांची माफी मागायला हवी, आणि त्यांच्या कुटुंबांचीही. मुलाने ती ओळ मला वाचून दाखवली होती. ‘कुटुंबांचीही’ हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. म्हणून त्याने विचारल्यावर मी हो म्हणाले. हे आले नाहीत.

माहिती नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ‘कशिश’ हा समलिंगी, पारलिंगी अशा सगळ्या लोकांविषयीच्या चित्रपटांचा महोत्सव. दिग्दर्शक श्रीधर रंगायन यांनी तो 2010 मध्ये मुंबईत सुरू केला. त्यांच्याच ‘गुलाबी आईना’ला सेन्सॉरने प्रमाणपत्र नाकारलं होतं. असे चित्रपट लोकांनी एकमेकांच्या घरी, छोट्या खोल्यांत, आमंत्रणावरून बघायचे ते दिवस होते. ते नेहमीच्या चित्रपटगृहात, पोस्टर लावून, उजेडात दाखवायचे हे ‘कशिश’ने पहिल्या वर्षापासून ठरवलं. आणि 2010 साली 377 अजून पुस्तकात होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये दिलासा दिलेला, पण प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेलं. 2013 च्या डिसेंबरमध्ये तो दिलासाही गेला. त्या पाच वर्षांतही महोत्सव भरत राहिला, हे मला फार मोठं वाटतं.

आम्ही 11 जूनच्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो. कराड, सांगली, कोल्हापूरकडून जाणाऱ्यांना हीच गाडी सोयीची, सकाळी सीएसएमटीला उतरवते. तिथून मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालत निघालं की धोबी तलावाच्या नाक्यावर कयानी आहे, 1904 सालचं इराणी हॉटेल. बन-मस्का आणि चहा घ्या, पाय मोकळे करा. महोत्सव जिथे होता ते लिबर्टी चित्रपटगृह तिथून चालत दहा-बारा मिनिटांवर, बॉम्बे हॉस्पिटलच्या मागे. लोकलने येणाऱ्यांनी मरीन लाइन्स किंवा चर्चगेटला उतरावं. त्या दिवशी ‘वायू’ चक्रीवादळ किनाऱ्याजवळून चाललं होतं, पाऊस नव्हता पण वारा असा की छत्री उघडणं अशक्य. जूनमध्ये जाणार असाल तर छत्रीपेक्षा पातळ रेनकोट बरा.

लिबर्टीबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. हे चित्रपटगृह 1949 चं, स्वातंत्र्यानंतर बांधलेलं म्हणून नाव लिबर्टी. पहिला चित्रपट मेहबूब खान यांचा ‘अंदाज’. पुढे ‘हम आपके हैं कौन’ इथे शंभर आठवड्यांहून जास्त चालला. आतली सजावट वामन नामजोशी या मराठी माणसाची. लाकडाच्या गुळगुळीत भिंती, पडद्याच्या दोन्ही अंगांना थिजलेल्या कारंज्यासारखी नक्षी, आणि तिच्यातून झिरपणारा उजेड. बाराशेच्या आसपास खुर्च्या. मुलगा सांगत होता की पूर्वी असल्या गोष्टी बघायला कुणाच्या तरी घरी पडदे ओढून बसावं लागे. आणि आता हा एवढा थोरला हॉल, झगमगता, आणि त्यात शेकडो माणसं. नऊवारी नेसलेल्या तृतीयपंथी बायका होत्या, कॉलेजची मुलं होती, दोन म्हाताऱ्या मैत्रिणी एकमेकींचा हात धरून जिना चढत होत्या. माझा मुलगा त्या गर्दीत सरळ खांद्यांनी चालत होता. तो घरी थोडा वाकून चालतो, हे मला तोपर्यंत कधी दिसलंच नव्हतं.

आता ज्या चित्रपटासाठी हे सगळं लिहायला बसले त्याच्याविषयी. भारतीय लघुपटांचा एक संच होता, त्यात मराठी लघुपट लागला : ‘उ उषाचा’. दिग्दर्शक रोहन कानवडे. ‘कशिश’च्याच क्यूदृष्टी अनुदानातून तो बनला होता. उषा ही शेतमजूर, एकटी आई, लिहायला-वाचायला न येणारी. गावातल्या प्राथमिक शाळेच्या बाईंकडे तिचं मन ओढलं जातं आणि त्या ओढीतून तिला अक्षरं शिकावीशी वाटतात. गोष्ट एवढीच.

मी एकतीस वर्षं ‘उ उखळाचा’ शिकवला. अंकलिपीत उखळ, मुलांच्या घरी मिक्सर, तरी उखळाचाच. उ उषाचा असू शकतो, म्हणजे समोर बसलेल्या बाईचं स्वतःचं नाव त्या अक्षरात असू शकतं, हे मला सुचलं नाही. पालकसभेला अशा कितीतरी बाया माझ्यासमोर बसल्या, अंगठा लावून गेल्या. त्यांतली एखादी शाळेच्या फाटकापाशी उगाच रेंगाळायची. तिला काय हवं होतं ते मी कधी विचारलं नाही. दिवे लागले तेव्हा मी रडत होते. मुलगा घाबरला, त्याला वाटलं मला धक्का बसला. मी त्याला म्हटलं, “अरे, हा आपल्याकडचा आहे.” त्या वेळी मला एवढंच सांगता आलं. पण खरंच तेच म्हणायचं होतं. हे शहरातलं, परदेशातलं, इंग्रजी शिकलेल्यांचं काहीतरी आहे असं मी धरून चालले होते. उषाच्या हातात खुरपं होतं.

म्हणून पहिला सल्ला : लघुपटांचे संच चुकवू नका. बहुतेक जण मोठे, गाजलेले परदेशी चित्रपट हेरून ठेवतात आणि लघुपटांच्या वेळी जेवायला जातात. उलट करा. मोठे चित्रपट पुढे कुठे ना कुठे बघायला मिळतात, लघुपट पुन्हा भेटतीलच असं नाही. शिवाय संच संपला की दिग्दर्शक, कलाकार पुढे येऊन प्रश्नांना उत्तरं देतात. मराठीत विचारायला लाजू नका. मी विचारलं, मराठीतच उत्तर मिळालं.

इंग्रजी वाचायची सवय नसलेल्यांसाठी : परदेशी चित्रपटांना खाली इंग्रजी ओळी असतात आणि त्या भराभर जातात. मला निम्म्या सुटायच्या. मुलगा कानात सांगायचा, पण मागच्यांना त्रास होतो. तेव्हा आधी वेळापत्रक घेऊन मराठी, हिंदी लघुपट कोणत्या संचांत आहेत ते बघा आणि त्यांच्याभोवती दिवस बांधा. दिवसाला तीन खेळ पुरे. आम्ही पहिल्या पूर्ण दिवशी पाच बघितले, पाचव्याला माझी कंबर धरली आणि डोळ्यांसमोरचं काही डोक्यात शिरेना. वातानुकूलन जोरात असतं, शाल न्या. जेवणासाठी एसएनडीटीजवळची खाऊगल्ली आहे, डोसा, सँडविच, सगळं स्वस्त आणि गरम. अलियान्स फ्रान्सेज या फ्रेंच संस्थेच्या सभागृहातही खेळ असतात, तेही न्यू मरीन लाइन्सलाच, चालत जाता येतं. तिथे खुर्च्या कमी, तेव्हा अर्धा तास आधी रांगेत राहा.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इथे नेहमीसारखं खिडकीवर तिकीट काढून आत शिरता येत नाही. आधी प्रतिनिधी म्हणून नोंदणी करायची, अठरा वर्षं पूर्ण असावी लागतात, ओळखपत्र जवळ ठेवायचं. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेले चित्रपट महोत्सवात दाखवायला सरकारची वेगळी सूट लागते आणि ती नोंदणी केलेल्या प्रौढांपुरतीच असते. नोंदणी महोत्सवाच्या संकेतस्थळावर होते, शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. ज्यांनी घरी अजून सांगितलेलं नाही त्यांनी गळ्यातलं कार्ड बाहेर पडताना पिशवीत टाकावं, स्टेशनवर कुणीही भेटू शकतं. फोटो काढताना मागे कोण उभं आहे ते बघा. आपल्या हौसेच्या फोटोमुळे दुसऱ्याच्या घरी आग लागू शकते. मी आईबापांना हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याला कौतुकाने फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकायची सवय असते.

राहण्याचं सांगायचं तर 2019 ला आम्ही दादरला लॉजमध्ये उतरलो. बहीण डोंबिवलीला असताना. कारण तिच्याकडे गेलो असतो तर कुठे जाता, काय बघता, याला खोटं उत्तर द्यावं लागलं असतं. लॉजवाल्याने आमच्याकडे दोन दिवसांचे जास्तीचे पैसे मागितले आणि वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती. पैशांचं सोडा, सख्खी बहीण गावात असताना लपून राहावं लागलं हे मला जास्त लागलं. परतल्यावर महिन्याभरात मी तिला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पुढच्या वेळी सरळ घरी ये.”

पुढची वेळ यायला 2024 उजाडलं. मध्ये दोन वर्षं करोनात महोत्सव ऑनलाइन झाला, तो आम्ही घरच्या टीव्हीवर बघितला, आणि ह्यांनी आवाज वाढवला तो या वेळी ऐकू यावं म्हणून. 15 ते 19 मे 2024, पंधरावं वर्ष, 46 देशांचे 133 चित्रपट. हेही आले. साताऱ्याचं मतदान 7 तारखेला होऊन गेलं होतं, आमच्या बोटांवर शाई होती. मुंबईचं 20 ला होतं, त्यामुळे शहरभर सभा, भोंगे, अडवलेले रस्ते. मुक्काम बहिणीकडे डोंबिवलीला.

त्या वर्षी लिबर्टी आणि अलियान्सच्या जोडीला अंधेरीचं सिनेपोलिस होतं. अंधेरी पश्चिमेला उतरून रिक्षा करायची. (दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत, लिबर्टीकडे फक्त टॅक्सी, बस किंवा पाय.) चित्रपटगृहं दरवर्षी बदलू शकतात, तेव्हा लॉज किंवा नातेवाईक ठरवण्याआधी ठिकाण बघा. डोंबिवलीहून अंधेरी म्हणजे दादरला गाडी बदलून दीड तास सहज जातो, आणि रविवारी मेगाब्लॉक असला तर त्याहून जास्त. आमचा रविवारचा सकाळचा खेळ त्यात गेला. मल्टिप्लेक्समध्ये सगळं नीटनेटकं, खुर्च्या मऊ, गुडघेदुखीवाल्यांना बरं. पण लिबर्टीत हजार माणसं एकदम हसतात तेव्हा जे होतं ते तिथे होत नाही. जमल्यास एक तरी खेळ लिबर्टीत बघा.

हे पहिल्या दिवशी हाताची घडी घालून बसले होते. चहाच्या वेळी आमच्या वयाचं एक जोडपं बोलायला आलं. त्यांची मुलगी समलिंगी. त्यांनी ‘स्वीकार’ या पालकांच्या गटाची माहिती दिली. हा मुंबईत 2017 मध्ये सुरू झालेला गट, अशा मुलांच्या आईवडिलांनीच चालवलेला. त्या गृहस्थांनी ह्यांना विचारलं, “तुमचा काय करतो?” नोकरीबद्दल, साधं. हे पुण्यातल्या त्याच्या कंपनीबद्दल, पगाराबद्दल, त्याने घेतलेल्या गाडीबद्दल वीस मिनिटं बोलत होते. आठ वर्षांत मुलाबद्दल परक्या माणसाशी इतकं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. लग्नाचं काय, हा पुढचा प्रश्न इथे येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आईबापांनो, पडद्यावरचं राहू द्या, निदान या चहासाठी तरी जा.

मागच्या वर्षी, 2025 मध्ये, त्याच रोहन कानवडेंचा पहिला मोठा चित्रपट आला, ‘साबर बोंडं’. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळवून आलेला, मराठी. वडील वारल्यावर दहाव्यापर्यंत गावी राहिलेला मुंबईचा मुलगा आणि गावातला त्याचा मित्र, अशी गोष्ट. सप्टेंबरमध्ये चित्रपटगृहांत लागला तेव्हा आम्ही तिघांनी पुण्यात बघितला. ‘कशिश’ने ज्याच्या लघुपटाला पैसे दिले तो माणूस इथवर आला. तेव्हा त्या लघुपटांच्या संचात जे नवखे दिसतील त्यांची नावं लिहून ठेवा.

परतीचं तिकीट काढताना एक चूक आम्ही दोन्ही वेळा केली. समारोप रविवारी संध्याकाळी असतो, पारितोषिकं त्यातच देतात, आणि महालक्ष्मी साडेआठच्या सुमारास सुटते. दोन्ही वेळा आम्हाला समारंभ अर्धा टाकून पळावं लागलं. सोमवारी सकाळची कोयना एक्स्प्रेस घ्या, संध्याकाळपर्यंत कराडला सोडते. पुढच्या खेपेला ह्यांनी कोयनाचीच तिकिटं काढायची ठरवलंय, चार. चौथं बहिणीचं, तिला कराडला चार दिवस राहायला यायचंय आणि त्याआधी एक दिवस लिबर्टी बघायचंय.