पाणी येण्याआधीची वाटणी

पुरंदर तालुक्याच्या पूर्व भागातील ज्या गावात मी वाढलो, तेथे घरोघरची परिस्थिती ओळखण्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीची कोणाला गरज पडत नसे. मृगाच्या तोंडावर कोणत्या घरातले डोरले गहाण पडते आणि ते दिवाळीला सुटते की पुढच्या पेरणीपर्यंत तसेच राहते, एवढे पाहिले की पुरे होई. पुढे सासवडच्या एका पतसंस्थेत हिशेबाचे काम पत्करले तेव्हा हीच गोष्ट सोनेतारण कर्जाच्या वहीत दिसू लागली. जूनमध्ये येणारी नावे वर्षानुवर्षे तीच असतात. मधूनच त्यातले एखादे नाव यायचे थांबते. ते का थांबले याचा माग काढण्याची मला सवय लागली आणि त्यातूनच लोकांनी एकत्र येऊन उभारलेल्या शेती-पाण्याच्या योजनांकडे मी जरा वेगळ्या बाजूने पाहू लागलो. अशा योजनांनी गावाचे उत्पन्न वाढते का, हा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. बहुतेक ठिकाणी ते वाढते. वाढलेले उत्पन्न कोणाच्या घरात जाते आणि ते कोणत्या नियमाने जाते, हा खरा प्रश्न आहे.

आमच्याच तालुक्यात या प्रश्नाचे एक उत्तर पन्नास वर्षांपूर्वी लिहून ठेवले गेले. विलासराव साळुंखे हे पुण्यातील अभियंता आणि उद्योजक. 1972 च्या दुष्काळात त्यांनी पुरंदरच्या माळावर हजारो माणसे दुष्काळी कामावर खडी फोडताना पाहिली. एवढे मनुष्यबळ राबत असूनही पुढच्या वर्षीचा पाऊस अडवण्यासाठी त्याचा काहीच उपयोग होत नाही, हे त्यांना खटकले. नायगाव येथील देवस्थानची सुमारे 40 एकर उजाड जमीन त्यांनी खंडाने घेतली, उतारावर बांध घातले, पाणी मुरवले, खालच्या अंगाला विहीर काढली आणि तेच पाणी उचलून वरच्या शेताला दिले. 1974 मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्यातून पुढे पाणी पंचायतीच्या सामुदायिक उपसा योजना उभ्या राहिल्या.

बांध आणि विहिरी महाराष्ट्रात अनेकांनी केल्या आहेत. पाणी पंचायतीचे वेगळेपण तिच्या नियमांत होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही, ते घरातील माणसे मोजून द्यायचे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच. म्हणजे ज्याची जमीन तीन एकर आहे त्या पाच माणसांच्या घराला जेवढे पाणी, तेवढेच तीस एकरवाल्या पाच माणसांच्या घराला. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, तो पंचायतीकडे परत येईल. खर्चातला पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी आधी भरायचा. योजना एकट्यासाठी नाही, गटासाठीच. आणि ऊस लावायचा नाही.

हे नियम आज वाचताना प्रश्न पडतो की तीस एकरवाल्याने ते मान्य केलेच कसे. माझ्या मते त्याचे कारण अगदी व्यवहारी होते: वाटणी ठरली तेव्हा पाणी अस्तित्वातच नव्हते. जिरायत माळावर मोठा शेतकरीही एका चुकलेल्या पावसात खडी फोडायला येत असे. त्याच्याकडे सोडून देण्यासारखे काही नव्हते आणि मिळणारे अडीच एकर बागायत त्याला फायद्याचेच होते. एकदा पाणी आले, मोटर बसली, कांद्याचे पैसे हातात खेळू लागले की त्याच माणसाला असा नियम कोणीही मान्य करायला लावू शकत नाही. कालव्यांच्या लाभक्षेत्रात शेपटाकडच्या शेतकऱ्यांची जी परवड होते तिचे मूळ याच क्रमात आहे. तेथे पाणी आधी पोहोचले आणि वाटणीची चर्चा मागाहून सुरू झाली.

आमच्या गावातल्या पाणी पंचायतीच्या योजनेत माझे चुलते सभासद होते, त्यामुळे तिचा कारभार मी घरातून पाहिला. पाटकरी, म्हणजे पाळीप्रमाणे पाणी सोडणारा माणूस, मुद्दामच असा नेमलेला होता, की ज्याचे स्वतःचे शेत लाभक्षेत्रात नाही. सायकलच्या कॅरिअरला चेंबरचा व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी बांधलेली आणि खिशात पाळ्यांची वही, असा तो दिवसरात्र माळावर फिरे. वहीत कुटुंबाचे नाव, त्यापुढे माणसांची संख्या, त्यापुढे तास. वीज गेली की तास तुटत आणि तुटलेले तास पुढच्या पाळीत कसे भरून द्यायचे यावर रात्री देवळात बैठक बसे. एकदा एका सभासदाने योजना झाल्यानंतर जन्मलेल्या नातवाचे पाणी मागितले, तेव्हा पाटकरी म्हणाला, “डोकी तवाच मोजली आन्ना, आता वाढल्या डोक्याला पानी कुठनं आणू?” लोक हसले खरे, पण योजनेचे पुढचे दुखणे त्या प्रश्नातच होते.

योजनेने श्रीमंती आणली नाही. तिने आणले ते दुसरे पीक. बाजरीनंतर जेथे रान उन्हाळ्यापर्यंत मोकळे पडे, तेथे कांदा, वाटाणा, गहू, शाळू येऊ लागला. घरातले धान्य, जे पूर्वी होळीच्या आधीच संपत असे, ते पुढच्या सुगीपर्यंत पुरू लागले. मुंबईला गिरणीत किंवा हमालीला गेलेल्यांपैकी काही जण परत आले, आणि जे आले नाहीत त्यांच्या मनिऑर्डरीतले पैसे पोटाला न लागता मुलांच्या शाळेला लागू लागले. ज्यांना जमीन नव्हती त्यांना रब्बीत खुरपणीची आणि काढणीची मजुरी गावातच मिळाली. गरिबी हटणे म्हणजे व्यवहारात पुष्कळदा एवढेच असते, की एका चुकलेल्या पावसाने घर सावकाराच्या दारात जात नाही. हे कमी आहे असे मला वाटत नाही.

मग योजना ढिल्या का पडल्या? 2002 मध्ये साळुंखे गेले. धडाडीचा माणूस गेल्यावर काम मंदावते हे खरे असले, तरी सगळा दोष त्यावर ढकलणे सोपे आहे. एकत्र कुटुंबे फुटली आणि एका वहीवरची पाच माणसे चार चुलींची झाली. वीजबिल थकले की कनेक्शन तुटे आणि प्रामाणिक सभासदाचे पीकही थकबाकीदाराबरोबर वाळे. ज्यांच्याकडे थोडा पैसा आला त्यांनी तलावाच्या कडेलाच खाजगी विहिरी, पुढे बोअर घेतले. सामुदायिक पाणी खालून ओढले जाऊ लागले आणि वरची वही रिकामी झाली. शेवटी पुणे जवळ आले. गुंठ्याला भाव आल्यावर पाण्याच्या हक्काची किंमत कोण करणार? आजही काही योजना नेटाने चालू आहेत, पण तालुक्याचे चित्र आता त्या ठरवत नाहीत.

नगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगरमधल्या, हिवरे बाजारचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते, आणि ते दिलेच पाहिजे, कारण आमच्या योजना जेथे फुटल्या नेमक्या त्याच जागी त्या गावाने कुंपण घातले. पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात, 1990 च्या दशकात, पाणलोटाची कामे झाली. तशी ती इतर पुष्कळ गावांतही झाली होती. परंतु हिवरे बाजारच्या ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस आणि केळी बंद केली, जमीन बाहेरच्याला विकायची नाही असे ठरवले आणि दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीत काय पेरायचे याचा निर्णय चारचौघांत घ्यायची पद्धत पाडली. गावाच्या स्वतःच्या पाहणीनुसार 1995 मध्ये दारिद्र्यरेषेखाली असलेली 168 कुटुंबे 2010 च्या सुमारास तीनवर आली. या पाहणीतले निकषही गावानेच ठरवले होते: दोन वेळचे जेवण, मुलांचे शिक्षण, आजारपणाचा खर्च. मला ते सरकारी निकषांपेक्षा अधिक समजूतदार वाटतात.

तरीही आदर्श गावांच्या गौरवात एक गोष्ट दबून जाते. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांची झळ पहिल्यांदा त्यालाच बसते ज्याच्याकडे चार शेळ्यांखेरीज काही नसते. गवत वाढल्यावर कापून न्यायला परवानगी मिळते, त्यातून दुभती जनावरे पोसली जातात आणि दूध वाढते, हे सगळे होते. पण शेळ्या विकल्यापासून म्हैस दावणीला येईपर्यंतची मधली दोन-तीन वर्षे ज्याची त्याला काढावी लागतात. त्याहून वाईट प्रकार लोकवर्गणीचा. पाणलोटाच्या अनेक कामांत कागदावर जी लोकवर्गणी दिसते, ती प्रत्यक्षात बांधबंदिस्तीवर राबणाऱ्या मजुरांच्या मजुरीतून कापलेली असते. बांध जमीनवाल्याच्या रानात, पाणी जमीनवाल्याच्या विहिरीत आणि वर्गणी भूमिहीनाच्या घामातून. याला लोकसहभाग म्हणण्याचे धाडस माझ्यासारख्या हिशेबनिसाला होत नाही.

नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर पाणीवापर संस्थांनी जे केले ते मी आदरानेच वाचले आणि पाहिले आहे. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरपासून सुरुवात करून पाणी मोजून घ्यायची आणि शेतकऱ्यांनीच त्याचे व्यवस्थापन करायची शिस्त लावली. 2005 मध्ये महाराष्ट्राने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा जो कायदा केला, त्याच्यामागे असे अनुभव होते. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागा वाढल्या, घरे सिमेंटची झाली. आणि छाटणीच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून येणारी आदिवासी कुटुंबे बागांच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाखाली राहतात. बागाईतदाराने आपली गरिबी मेहनतीने हटवली यात शंका नाही; शेजारच्या तालुक्यातल्या माणसाला त्यातून मजुरी मिळाली हेही खरे. परंतु ज्या डोंगरात पाऊस धो धो पडतो तेथली माणसे पाणी असलेल्या सपाटीवर रोजंदारीला येतात, ही गोष्ट कोणत्याही एका प्रकल्पाच्या यशोगाथेत बसत नाही, म्हणून ती लिहिली जात नाही.

मराठवाड्यातल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामात मला पाणी पंचायतीशी नाते सांगणारी एक गोष्ट दिसते. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत तिने बायकांना घरच्या जमिनीतला एक एकर मागून घ्यायला शिकवले. त्या एकरात कापूस-सोयाबीन नाही. भाजीपाला, कडधान्ये, ज्वारी, घरचे बियाणे, शेणखत. 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने या कामाला इक्वेटर पुरस्कार दिला. मला त्यातले मर्म पुरस्कारात दिसत नाही, ते त्या मागणीत दिसते. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असताना “एवढ्या तुकड्यात काय पेरायचे ते मी ठरवणार” असे म्हणणे म्हणजे घराच्या आत केलेली पाणी पंचायतच आहे. दुष्काळी वर्षांत नगदी पीक बुडाले तरी त्या एकराने घरात शिजण्याजोगे काही दिले, आणि बाजारातून भाजी-डाळ विकत आणायचा खर्च वाचला. पण हा उपायही ज्यांच्या घरात एकर आहे त्यांच्यासाठीच.

राहता राहिला भूमिहीन. साळुंख्यांनी त्याला पाण्याचा हक्क दिला. विचार म्हणून तो आजही धाडसी आहे. व्यवहारात मात्र ज्याला रान नाही त्याने आपले पाणी सोडायचे कोठे? वाट्याने जमीन करून आपला पाणी-हिस्सा तिला लावावा अशी कल्पना होती, ती फार थोड्या ठिकाणी रुजली. केरळात कुटुंबश्री या सरकारने उभ्या केलेल्या महिला बचतगटांच्या योजनेतल्या बायकांनी नेमके हेच दार उघडले. पाच-दहा जणींचा गट करायचा, पडून असलेली जमीन भाडेपट्ट्याने घ्यायची, भात-केळी-भाजी लावायची आणि बँकेने गटाच्या सामाईक जबाबदारीवर कर्ज द्यायचे. तेथे स्थानिक पंचायती पाठीशी उभ्या राहतात, पडीक जमीन शोधून देतात, मालकाशी बोलतात.

आमच्याकडे गटशेती म्हटले की जमीनवाल्यांचाच गट डोळ्यांसमोर येतो. पाणी फाउंडेशनने 2022 पासून फार्मर कप या शेतकरी गटांच्या स्पर्धेच्या निमित्ताने गटशेतीला चांगली हवा दिली आहे. एकत्र बियाणे-खते घेणे, इर्जिक घालून, म्हणजे एकमेकांच्या रानात मिळून राबून, कामे उरकणे, एका वेळी पेरणे यांमुळे एकरी खर्च कमी होतो, आणि अल्पभूधारकाला त्याचा लाभ होतो. त्या गटात भूमिहीन बाईला यायचे असेल, तर तिला जमीन लागेल आणि जमीन हवी असेल तर करार लागेल. कसणारा उद्या जमिनीवर हक्क सांगेल, या कुळ कायद्याच्या धास्तीने मालक कागद करीत नाही. बटई तोंडी, एका हंगामापुरती, आणि पुढच्या हंगामात तेच रान मिळेल याची खात्री नाही. मग त्यात शेणखत कोण घालणार? कागद नाही म्हणून पीककर्ज नाही, आणि रान बुडाले तर विम्याचे पैसे आले तरी ते मालकाच्या खात्यात जाण्याची शक्यता अधिक. आमच्या पतसंस्थेत बायकांचा एक गट अशाच वाट्याच्या कांद्यासाठी कर्ज मागायला आला होता. बचत नियमित, परतफेड चोख. जमिनीचा कागद मागितल्यावर त्या मालकाकडे गेल्या, तो पुण्यात राहतो आणि त्याच्या रानाला तारेचे कुंपण आहे, आत गुडघाभर गवत. त्याने अकरा महिन्यांच्या करारावरही सही केली नाही. शेवटी गटातल्या दोघींनी सोने तारण ठेवले आणि बाकीच्यांनी त्यावर कांदा लावला.