चारचौघांत का बोलतो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुटल्यावर चर्चच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात, वसईत मला हेच विचारतात: “चर्चच्या चुका चारचौघांत कशाला काढता? आधीच आपण मूठभर. विरोधकांच्या हाती आयतं कोलीत!”

ही भीती खोटी नाही. पण ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावताना फादर म्हणतात, पश्चात्ताप करा. ते एकेकट्यालाच का? बायबलातल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात इफिस शहराच्या अख्ख्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, बजावलंय: तू पहिली प्रीती सोडलीस, पश्चात्ताप कर. १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी चर्चच्या लेकरांनी शतकानुशतकं केलेल्या पापांची देवाकडे क्षमा मागितली, तीही साऱ्या जगादेखत.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र रोम येत नाही, आमची वाडी येते. केळीच्या बागेत एक वारली बाई कामाला यायची. बाप्तिस्मा झालेली. तिचा चहाचा कप आमच्याकडे वेगळा, पडवीच्या कोनाड्यात. रविवारी ती शेवटच्या बाकामागे उभी राहायची, बाक रिकामे असले तरी. “बस गं,” असं तिला कुणी म्हटलं नाही. मीही नाही, आणि मी तेव्हा पॅरिश कौन्सिलवर, आमच्या चर्चच्या सल्लागार मंडळावर, होतो. सणाची वर्गणी तिच्याकडून घेतली. मिरवणुकीत संताच्या मूर्तीला खांदा द्यायला तिच्या नवऱ्याला कधी बोलावलं नाही.

भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं, त्यात चर्चच्या आतला जातिभेद कबूल केलाय. आमच्या वेदीवरून ते वाचल्याचं मला आठवत नाही.

बायबलातला जकातदार जक्कय पश्चात्ताप झाल्यावर नुसता हळहळला नाही. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. पापनिवेदनानंतर आपल्यालाही प्रायश्चित्त नेमून देतात. मग चर्चने काय करावं? शेवटच्या बाकामागच्या माणसाला कौन्सिलवर घ्यावं, सणाचा हिशोब त्याच्यापुढे मांडावा, वेदीवरचं वाचन त्याच्या लेकीला द्यावं. निदान एवढं तरी.

बाईंचे गुडघे गेलेत, आता त्या कामाला येत नाहीत. गेल्या उपवासकाळात मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, स्वतःच्या कपासारख्याच कपात मला दिला. मी माफी मागितली. बराच वेळ त्या चुलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “इथं सांगितलंस. चर्चमधी सगळ्यांना सांगशील का?”

मी हो म्हणालो.