खेळाडूंकडे सोनं फार झालंय, काय करू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या खेळात नव्यानं डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, झालेल्या कुणाचा तरी हा निरोप हमखास येतो: "पार्टीकडे सोनं फार झालंय. ते काढून कसं घेऊ?" पार्टी म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा चमू. माझं उत्तर ठरलेलं आहे. काढून घेऊ नका. मी एकदा घेतलं होतं, त्याचं अजून वाईट वाटतं.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सची 3.5 आवृत्ती खेळत होतो. चार खेळाडू, पात्रं चौथ्या लेव्हलची, म्हणजे ताकदीच्या चौथ्या पायरीवरची. वर्णनाच्या भरात मी एका राजाच्या थडग्याला भरीव चांदीची दोन कवाडं लावली. दोन मीटर उंच, प्रत्येकी एक मीटर रुंद. ड्वार्फ, म्हणजे बुटक्या जमातीचं पात्र, खेळणाऱ्यानं विचारलं, "जाडी किती?" मी सहज म्हटलं, "चार बोटं." त्यानं फोनवर कॅल्क्युलेटर उघडला आणि मला तेव्हा कुठे कळलं की आपण काय बोलून बसलो. चांदी पौंडाला पाच सोन्याची नाणी. दोन्ही कवाडांची मिळून तीन टनांहून जास्त चांदी, म्हणजे साधारण 35,000 नाणी. माणशी साडेआठ हजारांच्या वर. त्या आवृत्तीच्या तक्त्यात चौथ्या लेव्हलच्या पात्राची एकूण मालमत्ता 5,400 धरलेली आहे.

मी घाबरले. पुढच्याच सेशनला, म्हणजे खेळाच्या बैठकीला, पात्रांच्या मुक्कामाच्या सराईमध्ये चोरी घडवून आणली. ड्वार्फवाल्याच्या शीटवर, म्हणजे पात्राच्या नोंदींच्या कागदावर, सोन्याच्या चौकोनात आधीच इतकी खोडाखोड होती की रबर फिरवताना कागद फाटला. तो काही बोलला नाही. पण त्यानंतर पार्टीनं कुठल्याच सराईवाल्यावर विश्वास ठेवला नाही. मुक्काम म्हटला की पहारे, कुलपं, दाराला दोऱ्या. अर्धं सेशन त्यात जायचं. चोरांच्या मागावर जायचा बेत मी आखून ठेवला होता, त्यात कुणाला रस उरला नव्हता. चोरी पात्रांची नव्हे, आपली झाली असं त्यांना वाटलं होतं, आणि ते खरंच होतं.

नंतर तोच तक्ता शांतपणे पाहिला. सहाव्या लेव्हलला आकडा आहे 13,000. म्हणजे 5,400 अधिक साडेआठ हजार ही सहाव्या लेव्हलची ऐपत झाली. दोन लेव्हल मी खजिन्यात हात आखडता घेतला असता, तर सगळं आपोआप जुळून आलं असतं. मधल्या काळात लढाया थोड्या सोप्या गेल्या असत्या, एवढंच. तुमच्याकडे असं झालं असेल तर टेबलावर सरळ सांगा: जास्त दिलं गेलं, पुढे काही दिवस कमी मिळेल. खेळाडू हे मोठ्या मनानं घेतात.

शिवाय ती कवाडं न्यायची कशी? तीन टन चांदी कुणाच्या खांद्यावर जात नाही. गाड्या हव्यात, बैल हवेत, पगारी पहारेकरी हवेत, आणि एवढं विकत घेणारं कुणी हवं. त्याच नियमांत खेड्यात 200 नाण्यांहून महाग वस्तू मिळत नाही, मोठ्या शहरात ती मर्यादा 40,000 आहे. थडग्यापासून शहरापर्यंतचा प्रवास हेच तीन-चार सेशनचं साहस होतं, आणि मी ते एका रात्रीत संपवलं.

अर्थात किती सोनं म्हणजे फार, हे तुमच्या नियमांत सोन्यानं काय विकत मिळतं त्यावर आहे. 3.5 मध्ये सोनं म्हणजे थेट ताकद. तलवारीवरच्या +1 जादूचा, म्हणजे वारात एक जास्त देणाऱ्या बोनसचा, भाव 2,000, +2 चा 8,000, +5 चा 50,000. बोनसचा वर्ग करा आणि दोन हजारांनी गुणा. राक्षसांचं बळही पात्रांकडे या वस्तू आहेत असं धरूनच ठरवलेलं असतं. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तसं नाही. प्लेट चिलखताला 1,500 नाणी मोजली की नेहमीच्या यादीत अंगावर घालायला त्याहून चांगलं काही नसतं, आणि अट्यूनमेंट, म्हणजे पात्राशी जुळवून घेणं, लागणाऱ्या जादूच्या वस्तू एका वेळी तीनच. तिथे पन्नास हजार नाणी पडून राहिली तर लढाईत फारसं काही बिघडत नाही. अडचण वेगळीच असते: खेळाडूंना सोन्याचं अप्रूपच उरत नाही.

याचं कारण मला जुन्या नियमांत सापडलं. 1974 च्या पहिल्या खेळात आणलेल्या खजिन्यातून लेव्हल चढवणारा अनुभव मिळायचा, एका सोन्याच्या नाण्याला एक गुण. म्हणून ढिगानं सोनं ठेवावंच लागे. पण ते वाहून जायलाही वाट होती. पुढे अॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पहिल्या आवृत्तीत लेव्हल चढायला शिकवणी घ्यावी लागे आणि तिचा खर्च आठवड्याला लेव्हल गुणिले 1,500. मोठी पात्रं गढ्या बांधत, माणसं पदरी ठेवत. पुढे अनुभवाचा नियम गेला, शिकवणी गेली, गढ्या मागे पडल्या. ड्रॅगनच्या पोटाखालचा ढीग मात्र तसाच राहिला.

म्हणून हल्ली मी कॅम्पेनच्या, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीच्या, सुरुवातीलाच प्रत्येकाला विचारते: तुझ्या पात्राला पैसा कशासाठी हवाय? "चांगल्या तलवारीसाठी" हे उत्तर मी धरत नाही, दुसरं मागते. बहिणीची सुटका, जळालेलं ग्रंथालय, स्वतःचं जहाज. मग त्या गोष्टीचा खर्च माझ्या वहीत जातो आणि खजिना त्या हिशेबानं ठरतो. तलवारींमुळे सगळा पैसा तिकडेच जात असेल, तर 3.5 च्याच धर्तीवरच्या पाथफाइंडर खेळाच्या 2015 च्या 'पाथफाइंडर अनचेन्ड' पुस्तकात एक पर्यायी नियम आहे: नेहमीचे बोनस वस्तूंऐवजी लेव्हलबरोबरच मिळतात. मला तो फार आवडतो. खेळाडू मोकळ्या हातानं खर्च करतात.

सध्याच्या कॅम्पेनमध्ये तोच ड्वार्फवाला एक पूल बांधतोय. पुराच्या नदीवर, दगडी, पाच कमानींचा. 11,000 नाणी गेली, दोन कमानी उभ्या आहेत. त्याच्या शीटवर सोन्याच्या चौकोनात 40 लिहिलंय आणि मागच्या कोऱ्या बाजूला गवंड्यांची नावं, मजुरी, दगडाच्या खाणीचं अंतर. पलीकडच्या सरदारानं निरोप पाठवलाय की तिसरी कमान माझ्या खर्चानं बांधा, पण आधी माझं सैन्य जाऊ द्या. गेलं अख्खं सेशन यावर वाद चालला. ठरलं काहीच नाही, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायचंय.