लसनोंदीतल्या दोन तारखा
लसीकरण किती टक्के झाले एवढेच विचारले, की डोस कधी दिला गेला हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न निसटून जातो. जुलै १९९९ मध्ये अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य सेवा आणि तेथील बालरोगतज्ज्ञांची अकादमी यांनी, लसीतील थायमेरोसल या पारायुक्त परिरक्षकाबाबत खबरदारी म्हणून, माता हिपॅटायटिस-बी बाधित नसेल तर बाळाच्या हिपॅटायटिस-बी लसीचा पहिला डोस काही महिने पुढे ढकलावा, अशी शिफारस केली. काही आठवड्यांतच परिरक्षकविरहित लस आली. तरीही अनेक रुग्णालयांत जन्मतःच डोस देण्याची पद्धत लगेच पूर्ववत झाली नाही. काही ठिकाणी तर बाधित मातांच्या बाळांचाही डोस थांबला, आणि मला हेच सर्वांत गंभीर वाटते.

अमेरिकेतील लसीकरणाचे राष्ट्रीय सर्वेक्षण १९ ते ३५ महिन्यांच्या मुलांचे होत असल्याने त्यात हा बदल उशिरा उमटणार होता. लसीकरण नोंदवहीत मात्र प्रत्येक बाळाची जन्मतारीख आणि डोसची तारीख शेजारी असतात, म्हणून शिफारशीपूर्वी आणि नंतर जन्मलेल्या बाळांची महिन्यागणिक तुलना करता येते. अर्थात खासगी दवाखान्यांनी नोंदी वेळेवर पाठवल्या आणि गाव सोडून गेलेली मुले एकूण संख्येतून वगळली, तरच.